चांद्या मेला तेव्हा नलू हसली

नको तिथे हसू आलं की काय होतं, ते ज्याला आलंय त्यालाच ठाऊक. बाकीच्यांनी त्यात तोंड घालू नये. पण लोक घालतात, आणि असं काही बोलतात की त्या बिचाऱ्याच्या घशाखाली घास उतरत नाही. नलूचं तसंच झालं. नलू आठ वर्षांची, तिसरीतली पोरगी. पोळ्याचा दिवस उजाडेपर्यंत गावात तिच्याबद्दल कोणाची काही म्हणता काही तक्रार नव्हती.

साल अठ्ठ्याहत्तर. जामच्या फाट्यावर एसटीतून उतरायचं, चप्पल हातात घ्यायची, दोन कोस काळ्या मातीचा चिखल तुडवायचा, तेव्हा कुठे हे गाव लागायचं. गावात नलूच्या घराला लागून रूपरावांचं घर. मध्ये पऱ्हाट्यांचं कुंपण, म्हणजे कापूस वेचून झाल्यावर ज्या वाळक्या काड्या उरतात त्यांचं. त्या कुंपणाला एक भगदाड होतं. ते नलूनं आणि रूपरावांच्या पोरीनं मिळून पाडलं होतं, कारण रस्त्यानं फिरून जायचा दोघींनाही कंटाळा. पोरीचं नाव अन्नपूर्णा. एवढं नाव घेऊन होईस्तोवर पोरगी पळून जायची, म्हणून सगळे तिला पुर्णी म्हणत. दोघी एकाच पाटीवर गणितं करत, आणि एकीची चूक इमानदारीनं दुसरीही करायची.

आता पोळा म्हणजे बैलांचा सण, हे तुम्हाला माहीत असेलच. पण आमच्याकडे तो आदल्या संध्याकाळीच सुरू होतो. वर्षभर जू ओढून बैलांचे खांदे सोलवटलेले असतात. त्यांना तूप-हळद लावायची, पळसाच्या पानांनी हळूहळू चोळायचं, आणि मग बैलाच्या कानाशी जाऊन त्याला आवतन द्यायचं. आवतन म्हणजे जेवणाचं बोलावणं. माणसाला देतात तसंच, हात जोडून. 'आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.' दुसऱ्या दिवशी बैल आधी जेवतो, घर मागून जेवतं. यात कोणी थट्टा करत नाही.

त्या वर्षी रूपरावांनी पहिल्यांदाच पुर्णीला म्हटलं, "बाई, यंदा आवतन तू दे." त्यांची जोडी होती लाख्या आणि चांद्या. लाख्या तांबडा. चांद्या काळा, कपाळावर पांढरा चांद. पुर्णी फ्रॉक सावरत दोघांच्या कानाशी गेली, हात जोडले आणि एवढ्या गंभीरपणे बोलली की नलूला बाजूला उभ्या उभ्या हेवा वाटला. चांद्यानं कान हलवला.

"पाह्य, चांद्या हो म्हणला," पुर्णी म्हणाली.

"माशी बसली असन," नलू म्हणाली. पण तिलाही वाटत होतं की तो हो म्हणाला.

सकाळी कुंपणापलीकडून रडण्याचा आवाज आला तेव्हा नलू दात घासत होती. तोंडात राखुंडी, हातात तांब्या, तशीच ती भगदाडातून पलीकडे गेली. गोठ्यापुढे माणसं गोळा झालेली. चांद्याला पहाटे पान लागलं होतं. पान लागलं म्हणजे साप चावला. आमच्याकडे अशा वेळी त्याचं नाव घेत नाहीत. चांद्या आडवा पडला होता, पाय ताठ, तोंडाला फेस, आणि खांद्यावर कालची हळद तशीच पिवळीधमक. देवकाबाई, म्हणजे पुर्णीची आई, त्याच्या पाठीवर हात आपटून रडत होती. रूपराव दावं हातात घेऊन नुसते उभे होते. त्या दाव्याचं काय करायचं ते त्यांना सुचत नव्हतं.

पुर्णी चांद्याच्या डोक्याशी बसलेली. तिनं मान वर केली आणि नलूकडे पाहिलं.

नलूला काहीतरी बोलायचं होतं. तिनं तोंड उघडलं आणि शब्दाऐवजी हसू आलं. चांगलं मोठं, दात दाखवणारं. तिनं ओठ दाबले, तर ते गालांत घुसलं. तळहात तोंडावर ठेवला, तर सगळ्यांना वाटलं ही खुदुखुदु हसतेय.

"दात काय काढते वं पोट्टे," अनुसया बुढी कडाडली. गावात कोणाच्याही घरी मयत झाली की अनुसया बुढी सगळ्यांच्या आधी पोचायची आणि सगळ्यांच्या वर रडायची. "लोकाचा सोन्यासारखा बैल गेला, अन् ह्या भवानीले खिदळाले सुचून राह्यलं."

सगळे वळून पाहू लागले. आणि नेमकं तेव्हाच गुरुजींबरोबर सुमीबाई आल्या.

सुमीबाई जपानच्या. त्यांचं खरं नाव सुमिए. पण गावाला ते झेपेना, म्हणून गावानं आपलं सोयीचं करून घेतलं. वर्ध्याकडच्या एका आश्रमात त्या सूत कातायला शिकत होत्या, आणि पोळा पाहायचा म्हणून दोन दिवस प्रभाकरराव गुरुजींच्या घरी पाहुण्या आल्या होत्या. तर त्या आल्या, चांद्यासमोर उभ्या राहिल्या, कमरेत वाकून त्यांनी नमस्कार केला, मग देवकाबाईंकडे पाहिलं. आणि त्यांच्या ओठांवर हसू. बारीकसं, पण हसूच. लपवायचा काही प्रयत्नही नाही.

अनुसया बुढीनं पदर तोंडाला लावला. मग कोणीतरी म्हणालं, "जाऊ द्या. पावनी हाये. तिले काय समजते." आणि लगेच सगळ्यांनी त्यांना माफ करून टाकलं. बसायला पाटही दिला.

नलूला कोणी पाट दिला नाही. पुर्णी उठून तिच्यापर्यंत आली आणि एवढंच म्हणाली, "तू हासली." ओरडून नाही, हळूच म्हणाली. मग ती आत गेली. थोड्या वेळानं नलू कुंपणाशी पाहते तर भगदाडात बोरीची काटेरी फांदी खोचलेली, काटे नलूच्या घराकडे.

पुर्णी याआधीही रुसली होती, पण तेव्हा ती रुसवा ओरडून सांगायची आणि दुपारपर्यंत विसरायची. काटे कधी लावले नव्हते. आता ही आपल्याशी कधीच बोलणार नाही, नलूला वाटलं.

घरी आईनं पाठीत धपाटा घातला. नलूची आई लीलाबाई, स्वभावानं चांगली, पण पोळ्याच्या दिवशी चूल आणि पुरण सोडून तिला दुसरं काही दिसत नसे.

"हासली काऊन तू?"

"मले नाई माईत, माय."

"माईत नाई म्हंजे? तोंड कोणाचं होय, शेजाऱ्याचं?"

नलूला पुन्हा हसू आलं. धपाटा बसल्यावर, डोळ्यांत पाणी असताना. लीलाबाईनं कपाळावर हात मारला आणि पुरण घोटायला घेतलं. तेवढ्यात बाहेर बंडूजींचा खोकला ऐकू आला. बंडूजी हे लांबचे दीर. सणावाराला बरोबर जेवणाच्या वेळी त्यांना भावाची आठवण यायची.

"आला मेला, पुरणाचा वास घेत," लीलाबाई पुटपुटली. मग डोक्यावरचा पदर नीट केला, दारात गेली आणि तोंडभर हसली. "या नं भाऊजी, या. मी म्हणतच होती का भाऊजी काऊन नाई आले अजून."

नलू डोळे फाडून पाहत राहिली.

"माय, तू आता काऊन हासली?"

या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या धपाट्यानं मिळालं. म्हणजे काहीच कळलं नाही.

मग तिनं ठरवलं, हे कोणालातरी विचारायलाच पाहिजे. आपण का हसलो ते कळलं, तर पुर्णीला जाऊन सांगता येईल. नुसतं 'आपोआप आलं' म्हटलं तर कोण विश्वास ठेवेल? आपोआप तर उचकी येते. वाटेत अनुसया बुढी ओट्यावर वाती वळत बसली होती. नलू लांबूनच उभी राहिली.

"बुढे, हासू काऊन येते वं?"

"मले काय विचारते? मी हासली नाई चाळीस वर्सं," बुढी म्हणाली. "लग्नात बोहल्यावर हासली होती एकडाव. नवऱ्याची टोपी वाकडी झाली होती, म्हून हासली. तं सासूनं मरेपर्यंत बोलून दाखवलं का नवरी निलाजरी हाये. बाईच्या जातीनं हासू नाई. अन् हासलं तं पदर घ्याव."

"पण आलंच तं?"

"आलंच तं गिळाव." आणि बुढीनं बोटांना राख लावून पुढची वात वळायला घेतली.

नलूनं थोडं चालून गिळून पाहिलं. हसू गिळता येत नाही. खोटं वाटत असेल तर तुम्ही गिळून पाहा.

प्रभाकरराव गुरुजी अंगणात धोतर वाळत घालत होते. ते वर्ध्याला शिकलेले, बोलणं पुस्तकातलं. नलूनं विचारल्यावर त्यांना आनंद झाला, कारण सुट्टीच्या दिवशी प्रश्न विचारणारं मूल त्यांना आजवर भेटलं नव्हतं.

"सोपं आहे," ते म्हणाले. "मनाला आनंद झाला की चेहऱ्यावर हसू येतं. दुःख झालं की डोळ्यांत अश्रू येतात. हसू म्हणजे आनंद. लक्षात ठेव."

नलूनं लक्षात ठेवलं. हसू म्हणजे आनंद. म्हणजे चांद्या मेला तेव्हा आपल्याला आनंद झाला. आणि मग तिला मागच्या पोळ्याची गोष्ट आठवली, जी ती साफ विसरून गेली होती. मागच्या पोळ्याला रूपरावांच्या जोडीला पहिला मान मिळाला, नलूच्या बाबांची जोडी दुसरी आली. घरी येता येता नलूनं मनातल्या मनात देवाला सांगितलं होतं, पुढच्या साली चांद्या थोडासा लंगडू दे. थोडासाच.

"गुरुजी," ती म्हणाली, "देव आयकते काय हो सगळं?"

"ऐकतो तर. म्हणूनच नीट वागावं," गुरुजी म्हणाले आणि पिंप भरायला विहिरीवर गेले. चांगला माणूस, पण कधी काय बोलावं याचा पत्ता नाही.

नलू ओसरीवर मटकन बसली. सुमीबाई तिथेच होत्या. मांडीवर कॅमेरा घेऊन त्याची काच पुसत होत्या. त्यांना मराठी येत होतं, आश्रमात शिकलेलं, एकेक शब्द वेचून ठेवलेलं.

"तू सकाळी हसलीस," त्या म्हणाल्या.

"तुमीबी हासल्या," नलू म्हणाली. तिला रागच आला होता. "तुमाले पाट देल्ला अन् मले धपाटा. तुमी काऊन हासल्या?"

सुमीबाईंनी कॅमेरा बाजूला ठेवला. "गेल्या हिवाळ्यात माझे वडील वारले," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा तेच बारीक हसू. "तार आली. आश्रमातल्या ताईंना मी हे सांगितले, तेव्हाही मी हसले. ताई माझ्यावर फार रागावल्या."

नलू सरकून जवळ आली. बाप मेला आणि हसली, हे सांगताना पुन्हा हसतेय.

"तुमाले आनंद झाला होता?"

"नाही, नाही. आमच्या घरी असे शिकवतात. दुःख माझे आहे. ते मी तुझ्या डोक्यावर कशाला ठेवू? म्हणून हसून सांगायचे. समोरच्याला जड वाटू नये."

"मंग रडाचं कवा?"

"नंतर. एकटीने."

"आमच्याकडं एकटं कोणी रडूच देत नाई," नलू म्हणाली. "अनुसया बुढी येऊन बसते. तुमी थांबल्या तं तेच पुन्हा सुरू करून देते."

"हो. ते मी पाहिले," सुमीबाई म्हणाल्या. "मला ते समजत नाही. आणि आणखी एक समजत नाही. काल मी तुमच्या गावाचा फोटो काढला. सगळे छान हसत होते, बोलत होते. मी कॅमेरा वर केला आणि सगळ्यांचे हसू बंद. जणू मी रागावले. असे का?"

यात न समजण्यासारखं काय आहे, नलूला वाटलं. "फोटो काय रोज रोज निघते? त्याच्यात हासलं तं मंग जलमभर हासतच राहीन नं माणूस. पावने येतीन, भितीवर पाह्यतीन, म्हणतीन, हे येडं कोण होय?"

सुमीबाई हसल्या. या वेळी तोंडावर हात धरून, खांदे हलवत, खरंखुरं. हात धरायची तऱ्हा मात्र अनुसया बुढीच्या पदरासारखीच होती. नलूचा गोंधळ आणखी वाढला. एका माणसाकडे दोन हसू कशी असतात?

मग तिनं धीर करून लंगडण्याची गोष्ट सांगितली. कोणालातरी सांगायलाच हवी होती, आणि परक्या माणसाला सांगणं सोपं असतं.

सुमीबाईंनी एकेक शब्द जुळवला. "तू लंगडू दे म्हणालीस. मरू दे नाही म्हणालीस."

"नाई म्हणली."

"मग ते हसू त्या मागण्याचे नाही."

"मंग कायचं?"

सुमीबाईंनी मान हलवली. त्यांनाही माहीत नव्हतं. निदान त्यांनी तसं कबूल तरी केलं. दिवसभरात असं कबूल करणारं हे पहिलंच मोठं माणूस होतं.

घरी परतताना नलूनं मनात सगळं मांडून पाहिलं. गुरुजी म्हणतात आनंदानं हसतात. सुमीबाई दुःखानं हसतात. माय बंडूजींना पाहून हसते, आणि तिला ना आनंद ना दुःख. बुढीच्या मते हसूच नये. यातलं एकही आपलं नाही. आपण कोणाचं ओझं हलकं करायला हसलो नाही, कोणाला फसवायलाही हसलो नाही. आपल्याला फक्त भीती वाटली होती, पुर्णीचं तोंड पाहून. आता भीतीनं कोणी हसतं का? मग सापाला पाहून माणसं हसत का नाहीत? तिचं डोकं भणभणलं.

कुंपणाशी आल्यावर तिनं काट्यांच्या फटीतून पाहिलं. पलीकडे चांद्या नव्हता. त्याला बंडीत, म्हणजे बैलगाडीत, घालून वावरात नेऊन पुरून आले होते. देवकाबाई पुरणाची ताटं घेऊन गोठ्यापुढे आली होती. घरात बैल मेलेला, पण आवतन दिलेलं, म्हणजे जेवू घालावंच लागतं. एक ताट तिनं लाख्यापुढे ठेवलं. दुसरं हातात धरून उभी राहिली. दोघांना आवतन दिलं होतं, दोघांचं रांधलं होतं. पुर्णी दारातून बघत होती. शेवटी देवकाबाईनं ते ताट गायीपुढे सरकवलं आणि पदरानं डोळे पुसत आत गेली. पुर्णीनं कुंपणाकडे पाहिलं तशी नलू खाली बसली. न जाणो, पुन्हा हसू आलं तर.

चार वाजता आखरावर पोळा भरला. आखर म्हणजे गावाबाहेर ढोरं गोळा होतात ते मैदान. आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं, ढोलकी, डफडी, झुली पांघरलेले बैल, घुंगरांचा आवाज. सगळ्या जोड्या रांगेत, नलूच्या बाबांचीही. नलू आईच्या लुगड्याला धरून उभी होती. आणि मग गलका एकदम कमी झाला, कारण रूपराव येत होते. एकट्या लाख्याला घेऊन.

पोळ्यात बैल जोडीनं उभे राहतात. एकटा बैल कोणी आणत नाही. लाख्याच्या डाव्या बाजूला रूपरावांनी सवयीनं एका बैलाची जागा सोडली होती, आणि त्या रिकाम्या जागेतून पुर्णी चालत होती, झुलीचं टोक धरून.

"काय गा रूपराव," बंडूजी म्हणाले. पोटात पुरण गेलं की त्यांना गप्प बसवत नसे. "एकट्यालेच आणलं काय?"

सगळं गाव पाहत होतं. रूपरावांनी मान वर केली आणि ते हसले. चांगलं मोठं, दात दाखवणारं.

"आणलं नं," ते म्हणाले. "याचाबी सण हाये. यानं काय गुन्हा केला?"

आणि हसतच राहिले. लोकांनी येऊन खांद्यावर हात ठेवला, ते हसले. कोणी म्हणालं वाईट झालं, ते हसून म्हणाले, "चालाचंच." तोरण तुटलं, बैल गावात शिरले, लोक पांगले. रूपराव प्रत्येक दारात हसत होते. अनुसया बुढीनंसुद्धा त्यांना 'दात काय काढते' म्हटलं नाही. नलूचं लक्ष मात्र पुर्णीकडे होतं. पुर्णी बापाच्या तोंडाकडे टक लावून पाहत होती, आणि तिच्या कपाळाला आठी पडली होती.

दिवेलागणीला नलू ओट्यावर कंदिलाची काच पुसत बसली होती. समोरच्या रस्त्यानं पुर्णी आली. फिरून, लांबच्या वाटेनं. भगदाडात काटे तिनंच लावले होते ना. ती ओट्याखाली उभी राहिली.

"नले."

नलूच्या हातून फडकं पडलं.

"चांद्या मेला अन् बाबा हासले," पुर्णी म्हणाली. "दिवसभर हासले. तू पाह्यलं?"

"पाह्यलं."

"काऊन हासले? त्याईले बरं वाटलं काय?" पुर्णीचा आवाज फाटला. "मायले नाई विचारू शकत. ती रडून राह्यली. मंग मी कोणाले विचारू? तूच तं एक हासली होती गावात, म्हून तुले विचारून राह्यली."

आता नलूजवळ उत्तरं पुष्कळ होती. सकाळपासून तिनं तीच गोळा केली होती. गुरुजींचं होतं, सुमीबाईंचं होतं, बुढीचंही होतं. कोणतं द्यायचं ते तिला कळेना. चुकीचं दिलं तर ही पुन्हा जाईल आणि कायमची जाईल, एवढं मात्र कळत होतं. तिनं तोंड उघडलं. आणि मेलं ते हसू पुन्हा आलं.

"मी नाई हासत, पुर्णे," ती हसत म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. "देवाशप्पथ नाई हासत. मले भेव वाटते का तू चालली जाशीन. मले भेव वाटलं का हे असंच होते."

पुर्णी गेली नाही. उलट एक पायरी चढून वर आली, कंदील उचलून नलूच्या तोंडाजवळ धरला आणि नीट पाहिलं. सकाळी तिनं फक्त दात पाहिले होते.

"तुही हनुवटी हालून राह्यली," ती म्हणाली.

"मले नाई माईत."

"हालून राह्यली. लटलट." तिनं कंदील खाली ठेवला. "बाबाचीबी हालत होती. बंडूजी बोलले तवापासून."

दोघींनाही नीटसं काही समजलं नव्हतं, पण पुर्णीनं नलूचा हात धरला आणि तिला ओढतच रस्त्यानं आपल्या घरी नेलं.

रूपराव गोठ्यात होते. उलट्या टोपल्यावर बसून लाख्याच्या शिंगांचे गोंडे सोडत होते. पोरींना पाहताच त्यांच्या तोंडावर तेच दिवसभराचं हसू आलं.

"या नं," ते म्हणाले. "नलूबाई आल्या काय? पुरण खाल्लं का वं?"

पुर्णी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. तिनं आपला तळवा बापाच्या हनुवटीखाली लावला आणि घट्ट धरून ठेवला.

"बाबा," ती म्हणाली, "आता कोणी नाई पाहून राह्यलं. नोका हासू."

रूपरावांचं हसू क्षणभर तसंच राहिलं. मग ते खाली आलं, आधी एका बाजूनं, मग दुसऱ्या. हातातले गोंडे मांडीवर पडले. एवढा मोठा माणूस लेकीच्या खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागला, मोठ्यानं, हुंदके देत. नलूनं कधी कोणाच्या बापाला असं रडताना पाहिलं नव्हतं. तिला पळून जावंसं वाटलं. पण ती गेली नाही, खाली शेणानं सारवलेल्या जमिनीवर पुर्णीच्या पायाशी बसून राहिली. तेव्हा तिच्या स्वतःच्या तोंडावर हसू होतं का रडू, ते तिलाही कळलं नाही, आणि कोणी तिकडे पाहिलंही नाही.